जोंधळ्याची भरड

पंचवीस जानेवारी. उद्यमनगरात
दुसरी पाळी सुटायच्या आधी
आमच्या गच्चीवर बाकडी लागतात.
उद्या झेंडावंदन, म्हणून पोरांचे पांढरे सदरे दोरीवर,
आणि त्यांच्याखाली पातेलं.

दादा पॅटर्नमेकर.
आधी लाकडात वस्तू घडवायची,
मग रेतीत तिची पोकळी,
मग पोकळीत लोखंड.
चौसष्ट साली मालकांनी त्यांना स्कॉटलंडला धाडलं,
आठ महिने, नदीकाठच्या एका ओतशाळेत.
परत आले ते एक लोकरी टोपी,
छातीत बसलेला खोकला
आणि एका नांगरधाऱ्या कवीचा वाढदिवस घेऊन.

आई म्हणाली, "कवीचं जेवण? ते बी मटणाचं?
मेलेल्याला आपल्यात श्राद्धालाच वाढत्यात."
दादा म्हणाले, "ह्यो मेलेला न्हाई."

ओट कुठले मिळायला. जोंधळ्याची भरड घातली.
खाटीक गल्लीतल्या घोडक्यांनी
मेंढराचा कोथळा धुऊन दिला,
काळीज, फोपसं बारीक चिरून.
आईनं कुणाला न विचारता
कांदा-लसूण चटणी टाकली.
पहिल्या घासाला दादांच्या डोळ्यांत पाणी.
आठवणीनं की तिखटानं, ते बोलले नाहीत.

ताट वाजत येतं.
पुढं हवालदार इंगवले,
बेळगावच्या पलटणीत बावीस वर्षं पाइप वाजवून आलेले.
धनगर आजारी कोकरू धरतो
तशी ती पिशवी काखेत.
आधी नुसती कण्हते. मग सूर.
खालच्या बोळातली कुत्री दरवर्षी साथ देतात.

मग दादा सुरी उगारून कविता म्हणत,
समोरच्या कोथळ्यालाच उद्देशून,
त्या कवीच्या बोलीत.
कुंभोजकर सर, हयात इंग्रजी शिकवण्यात गेलेली,
डोळे मिटून मान डोलवायचे,
आणि एकदा माझ्या कानात म्हणाले,
"एक शब्द कळत नाही बघ."
सुरी शिरायची. वाफ.
पोरांची बोटं आपोआप वाकडी व्हायची,
कोल्हापुरात कोथळा म्हटल्यावर
दुसरं काय होणार.

दादा गेल्यावर एक कॅसेट सापडली.
मी ती त्यांच्या तिकडच्या घरमालकिणीच्या
नातवाला पाठवली.
फार नम्र उत्तर आलं:
पहिली चार कडवी आमच्या कवीची,
उच्चार थेट माझ्या आजीचे.
पुढचं मात्र ओळखू येत नाही.
ती कोणती भाषा?

रात्री गती कमी करून ऐकलं.
साचा. गाभा. काळी रेती.
म्हादबा, ज्याचा पाय भाजला.
भट्टीवरचा रज्जाक.
बिदागी न घेता गेलेला शंकर कातारी.
तोच ठेका, तोच घसा खरवडणारा र.
विसरले म्हणून, की मुद्दाम,
हे कॅसेट सांगत नाही.
पण त्या पोकळीत
त्यांनी आपली माणसं ओतली होती,
चाळीस वर्षं, आमच्यासमोर,
हातात सुरी घेऊन.

आईला ऐकवलं.
ती भरड चाळत होती.
शेवटपर्यंत ऐकून म्हणाली,
"त्यात माझं नाव हाय?"
मी पुन्हा लावली. पुन्हा.
नव्हतं.

तिकडं म्हणे या जेवणात
बायकांच्या वतीनं कुणीतरी उभं राहून
उत्तर द्यायची रीत आहे.
दादांनी ही एवढीच रीत
सांगायची राहिली होती.

यंदा सुरी माझ्या हातात.
इंगवल्यांचा दम आता पुरत नाही,
त्यांचा नातू फुंकतो, ते बोटं चालवतात.
चार कडवी कवीची झाली.
साचा, गाभा, रेती झाली.
म्हादबा झाला, रज्जाक झाला,
शंकरच्या नावाशी मी थांबले
आणि र चांगला खरवडून म्हटलं,
गिरजा.

खालची कुत्रीसुद्धा गप्प.
आईनं पदरानं चष्मा पुसला,
ताटाकडं बघितलं, म्हणाली,
"काप आता.
गार झालं तर घोडके नाव ठेवतील."